विश्लेषण : पिंगळा की रानपिंगळा? पक्ष्याच्या फोटोतील ‘शार्पनेस’ का महत्त्वाचा?

सातपुड्याच्या उतारावर, पानगळ झालेल्या सागाच्या शेंड्यावर भरदिवसा एक छोटे घुबड बसलेले दिसते. मोबाइलवर फोटो झकास दिसतो, ग्रुपवर ‘मस्त क्लिक’चा पाऊस पडतो. मात्र ते घुबड गावोगावी आढळणारा साधा पिंगळा आहे की मुख्यतः मध्य भारतात उरलेला दुर्मीळ रानपिंगळा, हे डोक्यावरील बारीक ठिपक्यांवरून ठरते. फोटो हलला किंवा एडिटिंगमध्ये ते ठिपके पुसले गेले, तर नोंदच संशयास्पद होते. म्हणूनच जळगाव, धुळ्यातील हौशी छायाचित्रकारांसाठी शार्पनेस आणि एडिटिंगवर योग्य अभिप्राय मिळवणे हा केवळ हौसेचा विषय नाही.

खान्देशाशी याचा संबंध काय?

रानपिंगळ्याचे शास्त्रीय वर्णन ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले. त्यानंतर मोजकेच नमुने मिळाले. जेम्स डेव्हिडसन यांनी खान्देशात १८८४ मध्ये मिळवलेल्या नमुन्यानंतर हा पक्षी कोणाच्याच हाती लागला नाही. रिचर्ड माइनर्ट्झहेगन यांनी १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे तो मिळाल्याचा दावा केला होता. पण तो नमुना संग्रहालयातून चोरलेला, डेव्हिडसन यांचाच जुना नमुना असल्याचे पामेला रासमुसेन यांनी उघड केले. या खोट्या नोंदीमुळे शोधाची दिशाही चुकली होती.

जुन्या, खऱ्या नोंदींच्या ठिकाणी पुन्हा शोध घेताना रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. म्हणजे तब्बल ११३ वर्षांनी. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला. या वेळी पक्षी मारून नमुना घेतला नाही. छायाचित्रे आणि चित्रीकरण हाच पुरावा ठरला. पुढे जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्य, मेळघाट आणि २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्य येथेही तो आढळला.

दोघांत फरक कोणता?

साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात आणि पोटावर तपकिरी खुणा विखुरलेल्या असतात. रानपिंगळ्याच्या डोक्यावरील ठिपके अगदी फिकट, जवळजवळ न दिसणारे. छाती गडद तपकिरी, पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. पायांवर पांढऱ्या पिसांची दाट लव असते.

म्हणजे फोटोत डोके, पोट आणि शेपटी या तीन जागी तपशील हवा. कडक उन्हात पोटाचा भाग ‘जळून’ पांढराफटक झाला, तर तिथे खुणा होत्या की नव्हत्या हे सांगता येत नाही. अशा वेळी एक्स्पोजर थोडे कमी ठेवणे शहाणपणाचे.

फोटो धूसर का येतो?

‘शार्प नाही’ एवढ्या अभिप्रायाने काहीच कळत नाही. कारण चार वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाची खूण वेगळी.

पहिले, फोकस चुकणे. पक्षी धूसर, पण पुढची काटकी किंवा मागचे खोड स्पष्ट असेल तर फोकस भलतीकडे लागला आहे. एकच फोकस बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवणे हा त्यावरचा उपाय.

दुसरे, हात हलणे. संपूर्ण चित्र एकाच दिशेने ओढल्यासारखे दिसते. ४०० मिमी लेन्सला किमान १/४०० सेकंदाचा शटर स्पीड हा जुना ठोकताळा आहे. लेन्समध्ये स्थिरीकरण असेल तर त्याहून कमी वेगही चालतो. पण जीपच्या खिडकीवर बीन बॅग ठेवून लेन्स टेकवणे केव्हाही चांगले.

तिसरे, पक्षी हलणे. फांदी स्पष्ट, पंख मात्र फराटलेले. उडत्या पक्ष्यासाठी १/२००० किंवा त्याहून अधिक वेग लागतो. त्यासाठी आयएसओ वाढवावा लागला तरी चालेल. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही.

चौथे कारण खान्देशात विशेष जाणवते, ते म्हणजे तापलेली हवा. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. जमिनीलगतची गरम हवा लहरत राहते आणि दूरचा पक्षी पाण्याखालून पाहिल्यासारखा दिसतो. लागोपाठ काढलेल्या दहा फोटोंत पक्ष्याची कड प्रत्येक वेळी वेगळी वाकलेली असेल, तर दोष लेन्सचा नाही. हतनूर जलाशयावरील दूरच्या बदकांबाबत किंवा लळिंगच्या कुरणातही हाच अनुभव येतो. महाग लेन्सही इथे हतबल ठरते. सकाळी लवकर जाणे आणि अंतर कमी असेल तेव्हाच फोटो काढणे, एवढेच हाती उरते. पानगळीनंतर रानपिंगळा नजरेला पडणे सोपे जाते. पण ऊनही त्याच काळात तापू लागते.

एडिटिंगने काय बिघडते?

सर्वात आधी क्रॉप. २४ मेगापिक्सेलच्या, म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेलच्या फोटोतून १५०० बाय १००० चा तुकडा कापला, तर हाती दीड मेगापिक्सेल, म्हणजे मूळ फोटोचा सोळावा भागच उरतो. मोबाइलच्या पडद्यावर तो चालून जातो. तपशील मात्र तेवढाच असतो.

मग नॉइज कमी करण्याची वेळ येते. हा स्लायडर जास्त ओढला की दाण्यांबरोबर पिसांचा पोतही जातो आणि पक्षी मेणाचा वाटू लागतो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावरील ठिपके असे पुसट झाले, तर तो रानपिंगळा भासू शकतो. त्यामुळे नॉइज पार्श्वभूमीवर जास्त आणि पक्ष्यावर कमीत कमी घालवावा.

शार्पनिंग सगळ्यात शेवटी, फोटोचा अंतिम आकार ठरल्यावर करावे. आकाशासमोरच्या पक्ष्याभोवती पांढरी किनार दिसू लागली, तर ते अति झाले असे समजावे.

एआयवर चालणाऱ्या शार्पनिंगबाबत अधिक सावधगिरी हवी. धूसर भागात पिसे कशी असावीत याचा अंदाज बांधून ही साधने तपशील भरतात. भिंतीवर लावायच्या फोटोला ते चालेल. ओळख पटवायच्या फोटोला नाही. रॉ किंवा मूळ फाइल जपून ठेवणे यासाठीच आवश्यक.

अभिप्राय कसा मागावा?

‘कसा वाटला?’ असे विचारले की ‘छान’ हेच उत्तर येते. त्याऐवजी ठोस प्रश्न विचारावा : डोळा फोकसमध्ये आहे का? पोटाचा पांढरा भाग जळला आहे का? नॉइज जास्त घालवला का? सोबत मूळ आणि एडिट केलेला असे दोन्ही फोटो द्यावेत. शटर स्पीड, आयएसओ, अंदाजे अंतर आणि वेळ कळवावी. डोक्याचा भाग १०० टक्के मोठा करून त्याचा वेगळा तुकडा दिला, तर पाहणाऱ्याला खरी स्थिती कळते.

विचारायचे कोणाला, हेही महत्त्वाचे. छायाचित्रणाचा जाणकार प्रकाश, मांडणी आणि शार्पनेस सांगेल. पिंगळ्याची ओळख पक्षी अभ्यासकच सांगेल. अभ्यासकाला नेहमी एडिट न केलेला फोटो आणि शक्य तितक्या कोनांतून घेतलेल्या फ्रेम पाठवाव्यात. त्यातली एखादी धूसर असली तरी शेपटीचे पट्टे दाखवणारी फ्रेम उपयोगी पडते.

व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीप्रमाणे पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक तपशील हरवतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास मूळ फाइल जशीच्या तशी जाते. मात्र मोबाइल किंवा जीपीएस असलेल्या कॅमेऱ्याचा फोटो असेल, तर त्यासोबत ठिकाणाची माहितीही जाते. दुर्मीळ पक्ष्याच्या बाबतीत ती आधी काढून टाकावी. नेमकी जागा वन विभागाला आणि अभ्यासकाला कळवणे पुरेसे.

शार्प फोटोसाठी किती जवळ जावे?

पक्ष्याची चलबिचल सुरू होईपर्यंत नव्हे, तर त्याच्या आधी थांबावे. तो ताठ होऊन एकटक पाहू लागला किंवा जागा बदलू लागला, तर मागे फिरावे. रानपिंगळा झाडाच्या ढोलीत घरटे करतो. तिथे वारंवार जाणे, फांद्या छाटणे किंवा त्याच्या आवाजाचे रेकॉर्डिंग वाजवून त्याला बाहेर बोलावणे यामुळे वीण बिघडू शकते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात त्याला संरक्षण आहे आणि जागतिक यादीत तो ‘संकटग्रस्त’ आहे. अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीनेच जावे. पुरेशा अंतरावरून घेतलेला, लहान दिसणारा पण एडिटिंगने न बिघडवलेला फोटोही ओळख पटवण्यास पुरेसा ठरू शकतो.