उतरा बिनधास्त, चावी आत आहे!

अमेरिकेत सर्वांसाठी खुले असलेले सुमारे 5,000 विमानतळ आहेत. वेळापत्रकाप्रमाणे चालणारी प्रवासी विमानं त्यांतल्या जेमतेम 500 ठिकाणी जातात. बाकीचे मुख्यतः लहान खासगी विमानांचे. मक्याच्या शेताला लागून एक धावपट्टी, एक इंधनपंप, दोन-तीन हँगर आणि एक बैठी खोली, एवढाच पसारा. ढग खाली आले म्हणून एखादा वैमानिक संध्याकाळी तिथे उतरतो. कर्मचारी घरी गेलेले, टॅक्सी नाही, बस तर नाहीच. मग जेवायचं कुठे आणि झोपायचं कुठे?

खोलीत भिंतीवर खिळ्याला गाडीची चावी टांगलेली असते. शेजारच्या वहीत नाव लिहायचं, गाडी काढायची आणि गावात जाऊन पोटभर जेवून यायचं. बहुतेक ठिकाणी भाडं नाही, अनामत नाही. येताना टाकीत थोडं पेट्रोल भरलं की झालं. या गाडीला ‘क्रू कार’ म्हणतात. ती नवी कोरी मात्र क्वचितच असते. बऱ्याच गावांत पोलिसांनी सेवेतून काढलेली जुनी फोर्ड क्राऊन व्हिक्टोरियाच विमानतळाच्या वाट्याला येते.

कुलूप कसं उघडायचं?

रात्री त्या खोलीला आकडे दाबून उघडायचं कुलूप असतं आणि दारावर चिठ्ठी असते : ‘इथली रेडिओ फ्रिक्वेन्सी दाबा.’ उतरताना वैमानिक त्याच फ्रिक्वेन्सीवर बोललेला असतो, त्यामुळे त्याला ती तोंडपाठ. 122.8 असेल तर 1228 दाबायचं. कुठे ‘आणीबाणीचा कोड’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे 7700. हे कोणत्याही वैमानिकाला झोपेतही सांगता येईल, भुरट्या चोराला सुचणार नाही. आत कॉफीचं यंत्र, पाठ टेकायला आरामखुर्ची, हवामान बघायला संगणक. अनेक वैमानिकांनी त्या खुर्चीत रात्र काढली आहे आणि सकाळी आलेल्या कर्मचाऱ्याने त्यांना हाकलण्याऐवजी ताजी कॉफी करून दिली आहे.

या पाहुणचाराने जीव वाचतात, असं माझं ठाम मत आहे. 1954 मध्ये इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचं प्रशिक्षण नसलेल्या 20 जणांना ढगात शिरल्यासारख्या स्थितीत विमान चालवायला दिलं. बाहेरचं काही दिसत नसताना एकालाही विमान सावरता आलं नाही. ताबा सुटायला सरासरी 178 सेकंद लागले. तीन मिनिटंसुद्धा नाहीत! तरीही माणसं ढगात शिरतात, कारण घरी पोचायची घाई असते आणि अनोळखी गावात अडकायचं जिवावर येतं. खाली गाडी आहे, गरम जेवण आहे, कोणीतरी विचारपूस करणार आहे, हे ठाऊक असलेला वैमानिक लवकर उतरायचं ठरवतो. खिळ्यावरची ती चावी म्हणूनच मला अग्निशामक नळकांड्याइतकी महत्त्वाची वाटते.

विमान हॉटेलच्या दारात

कॅन्सस राज्यातल्या बोमाँट या चिमुकल्या गावात तर गवती धावपट्टीवर उतरायचं आणि विमान तसंच गावच्या रस्त्यावरून चालवत हॉटेलच्या दारात नेऊन लावायचं, अशी वहिवाटच पडली. मोटारी आणि विमानं एकाच चौकातून जात असल्याने थांबण्याची पाटीही दोघांना सारखीच लागू. सुटीच्या दिवसांत ठिकठिकाणी धावपट्टीशेजारी पॅनकेकच्या न्याहारीचे मेळे भरतात. विमान घेऊन आलेल्याला तिथे बरेचदा न्याहारी फुकट.

अलास्कात गावं विरळ, त्यामुळे पाहुणचार करायला माणूसच सापडेल याची खात्री नाही. म्हणून तिथल्या कायद्याने शिदोरी सक्तीची केली. विमानातल्या प्रत्येकाला आठवडाभर पुरेल एवढं अन्न, कुऱ्हाड, सुरी, आग पेटवण्याचं साहित्य, मासे धरायचे गळ आणि माणशी एक डासांची जाळी. हिवाळ्यात यात बर्फावर चालायचे जोडेही येत.

छपरावर गावाचं नाव

1930च्या दशकात वाट चुकलेल्या वैमानिकासाठी अमेरिकेने गावोगावच्या छपरांवर गावाचं नाव रंगवायला घेतलं. मोठाली अक्षरं, जवळच्या विमानतळाकडे बाण आणि अंतर. ही कल्पना फीबी ऑम्ली या महिला वैमानिकाची आणि काम पुढे नेणाऱ्या लुईस थाडन, ब्लांच नॉइस याही वैमानिकच. पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यावर किनाऱ्याजवळच्या गावांची नावं पुसावी लागली, नाहीतर शत्रूलाही वाट सापडली असती. युद्ध संपल्यावर नॉइस पुन्हा त्याच कामाला लागल्या. महिला वैमानिकांची ‘नाइंटी-नाइन्स’ ही संघटना आजही विमानतळांवर नावं रंगवते.

आता माझा सर्वांत आवडता किस्सा. ऑक्टोबर 1934, लंडन ते मेलबर्न विमानशर्यत. अलाहाबाद हा तिच्यातला एक सक्तीचा थांबा होता. केएलएम कंपनीचं ‘आउव्हर’ नावाचं डीसी-2 विमान ऑस्ट्रेलियात पोचलं आणि मध्यरात्री वादळात वाट चुकलं. खाली ऑलबरी गाव. घरघर ऐकून गावकऱ्यांना परिस्थिती उमगली. कोणी विजेच्या कार्यालयात धावलं. साऱ्या गावाचे दिवे चालू-बंद करत मोर्स लिपीत आकाशाला कळवलं : ऑलबरी. रेडिओ केंद्रावरून निवेदकाने आवाहन केलं की, मोटार असेल त्याने ती घेऊन घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर यावं. माणसं अंथरुणातून उठून निघाली. हेडलाइटच्या उजेडात विमान सुखरूप उतरलं, पण चिखलात रुतलं. सकाळी शेकडो गावकऱ्यांनी दोर लावून ते ओढून काढलं. वजन कमी व्हावं म्हणून प्रवासी आणि टपाल मागे ठेवून विमान उडालं, शर्यतीत दुसरं आलं आणि वजन-क्षमतेच्या हिशेबाने दिल्या जाणाऱ्या हँडिकॅप विभागात पहिलं!

2019 मध्ये अलास्कातल्या इग्युगिग गावाने असंच केलं. रुग्णाला न्यायला आलेल्या विमानाला धावपट्टीचे दिवे लागेनात. वस्ती अवघी 70 माणसांची. फोनाफोनी झाली, गावातल्या गाड्या धावपट्टीच्या कडेला उभ्या राहिल्या आणि विमान उतरलं.

जेआरडींचे प्लग

आपल्याकडचा किस्सा 1930चा. भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये एकट्याने विमान उडवणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखान यांनी 500 पौंडांचं बक्षीस लावलं होतं. जेआरडी टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले. 17 वर्षांचा अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून कराचीकडे. दोघांची गाठ पडली इजिप्तमधल्या अबूकीर इथे. जेआरडी उतरले तेव्हा अस्पी खोळंबून बसला होता, कारण त्याच्याकडे जादा स्पार्क प्लग नव्हते. जेआरडींनी स्वतःजवळचे जादा प्लग काढून दिले. कोणाला? ज्याच्याशी स्पर्धा चालू होती त्यालाच. अस्पी काही तासांच्या फरकाने आधी पोचला आणि बक्षीस त्याने जिंकलं. पुढे 1932 मध्ये जेआरडींनी कराचीहून मुंबईच्या जुहूला टपालाचं विमान आणून नियमित हवाई टपालसेवा सुरू केली. अस्पी हवाई दलात गेला आणि डिसेंबर 1960 मध्ये एअर मार्शल अस्पी इंजिनिअर भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.