परिचारिकेच्या नोकरीची कागदपत्रे

मुलगी परिचर्येचे शिक्षण पुरे करून घरी आली, की आपल्याला वाटते, आता इस्पितळातली नोकरी ठरलेलीच. पण मंडळी, गुणपत्रक हाती आले म्हणून भागत नाही. दोन वर्षांचा एएनएम असो, तीन वर्षांचा जीएनएम असो की चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग, मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवावेच लागते. ही नोंदणी दर ५ वर्षांनी नवी करायची असते. बाळंतपणामुळे घरी राहिलेल्या सुनेची मुदत केव्हा उलटून गेली हे कळतही नाही, आणि जाहिरात निघाली की धावाधाव होते.

खरा घोळ होतो तो नावाचा. शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावी, पदविका, सगळे माहेरच्या नावाने; आधारकार्ड मात्र सासरच्या. अशा वेळी विवाहनोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचे राजपत्र जोडावे. शाळेच्या दाखल्यात वडिलांच्या नावाचे एखादे अक्षर चुकले असेल, तर तेही आधीच बघून ठेवा.

जातीचा दाखला लग्नानंतरही वडिलांकडूनच धरतात. नॉन-क्रिमीलेअरसाठीही आईवडिलांची स्थिती बघतात, नवऱ्याचे उत्पन्न नव्हे. पुष्कळ घरी सासरचा सात-बारा घेऊन तहसील कचेरीच्या फेऱ्या होतात, त्या फुकट जातात. जात-पडताळणीला वडील-आजोबांच्या शाळेतल्या जुन्या नोंदी लागतात. त्या जुन्या वह्यांतून शोधायला वेळ लागतो. हे काम जाहिरातीची वाट न बघता सुगी आटोपली की हाती घ्यावे.

सरकारी नोकरीला लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्रही द्यावे लागते. २८ मार्च २००६ नंतरच्या जन्माने हयात मुले दोनांहून अधिक झाली, तर उमेदवार अपात्र ठरते. हे घरात सर्वांनाच ठाऊक हवे, एकट्या सुनेला नव्हे.

खासगी दवाखान्यात काम केले असेल तर सोडतानाच अनुभवाचा दाखला मागून घ्यावा. त्यात पद आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे स्पष्ट असावे. नुसते ‘काम चांगले आहे’ एवढे लिहून दिलेले फारसे उपयोगी पडत नाही.

अर्ज आता बहुधा संगणकावर भरतात. सेवा केंद्रातल्या मुलाच्या भरवशावर सगळे सोडू नका. मुलीने शेजारी बसून नाव आणि जन्मतारीख स्वतः वाचावी, मगच पैसे भरावेत. मुलाखतीला मूळ कागद दाखवावेत, द्यावी ती झेरॉक्स. कुणी मूळ प्रत ठेवून घेतो म्हणाले, तर लेखी पोच घेतल्याशिवाय हातची सोडू नये.