शिंपल्यांच्या टेकड्या आणि खारे पाणी

पश्चिम आफ्रिकेतील सेनेगलच्या किनाऱ्यावर, राजधानी डाकारच्या दक्षिणेस सालूम नदीचा त्रिभुज प्रदेश पसरला आहे. सारा मुलूख सपाट. खाड्या, चिखल आणि खारफुटी. त्यात मधूनच एखादी टेकडी दिसते आणि तिच्यावर गोरखचिंचेची थोराड झाडे. जवळ गेल्यावर उलगडा होतो, की ही टेकडी मातीची नसून शिंपल्यांची आहे. सुमारे दोन हजार वर्षे येथील माणसांनी शिंपले खाल्ले, टरफले एकाच जागी टाकली आणि त्या राशींच्या टेकड्या झाल्या.

युनेस्कोने २०११ मध्ये या प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो प्रामुख्याने या मानवी खुणांसाठी. सुमारे ५,००० चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात दोनशेहून अधिक लहानमोठी बेटे आणि शिंपल्यांच्या २१८ टेकड्या आहेत. काही टेकड्यांची लांबी शेकडो मीटर भरते. त्यांपैकी २८ टेकड्यांवर प्राचीन दफनस्थळे आढळली आहेत.

होडीने गावाकडे

पाहुण्याला सर्वांत सोयीचे गाव म्हणजे मार लोज. डाकारहून सुमारे दीडशे किलोमीटरवरील न्दांगान या धक्क्यापर्यंत रस्ता जातो, पुढे होडी. खाडीच्या दोन्ही अंगांना आपल्या कोकणातील तिवर आणि कांदळ यांची भावंडे शोभावीत अशी झाडे. भरती ओसरली की त्यांच्या मुळांना लगडलेली कालवे उघडी पडतात. बेटावर फिरण्यासाठी घोडागाडी असते.

येथील लोक सेरेर समाजाचे. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबे शेजारी राहतात आणि जुन्या पितरांच्या पूजेचे संस्कारही पुसले गेलेले नाहीत. गावात तीन वेगवेगळ्या जातींची झाडे एकमेकांत गुंतून वाढली आहेत; गावकरी ती या सलोख्याची खूण म्हणून दाखवतात. रविवारच्या चर्चमधील प्रार्थनेला ढोलांची साथ असते. जेवणात बाजरीच्या वाफवलेल्या कण्या आणि मासे.

चिखलातील श्रम

पुरुष मासेमारीसाठी दूर समुद्रात जातात. शिंपले वेचण्याचे काम मात्र बायकांचे. ओहोटीला त्या चिखलात उतरतात, टोपल्या भरतात, मग शिंपले उकडून आतील मांस वाळवतात आणि बाजारात विकतात. पूर्वी कालवांसाठी खारफुटीची मुळेच तोडली जात. त्यामुळे झाडही जाई आणि पुढच्या हंगामाची कालवेही. आता अनेक गावांत मूळ न तोडता सुरीने कालव सोडवतात. काही खाड्या ठरावीक काळ बंद ठेवण्याचा नियम महिला मंडळांनीच घातला आहे. गावाची चूल ज्यावर पेटते, ते राखण्याचा हा व्यवहारी शहाणपणा होय.

उलटी नदी

असा नियम घालण्याची वेळ का आली, हे समजण्यासाठी येथील पाणी समजून घ्यावे लागते. सामान्यतः नदीत वर जावे तसे पाणी गोडे होत जाते. सालूममध्ये नेमके उलटे घडते. १९७० आणि १९८० च्या दशकांतील दुष्काळांत पाऊस घटला आणि वरून येणारे गोडे पाणी आटले. भरतीबरोबर समुद्राचे पाणी आत शिरते आणि प्रखर उन्हात त्याची वाफ होते. मीठ तेवढे मागे राहते. म्हणून आत जावे तसा खारटपणा वाढतो. आतील काओलाक शहरात तर मिठागरे आहेत. या खारेपणाने भाताची खाचरे नापीक झाली आणि कित्येक ठिकाणची खारफुटी वाळून गेली.

दुसरा घाव समुद्राने घातला. नदीच्या मुखाशी सांगोमार नावाची वाळूची लांब पट्टी ढालीसारखी उभी होती. फेब्रुवारी १९८७ मध्ये ती फुटली. फट रुंदावत गेली आणि आतील बेटांवर लाटांचा मारा वाढला. सेरेर लोकांना हे स्थान पवित्र. दंतकथा सांगते, की अगेन आणि जांबोन्य या दोन बहिणींची होडी याच टोकाशी दुभंगली. एक दक्षिणेला गेली, तिचे वंशज ते जोला आणि दुसरीचे ते सेरेर. याच सांगोमारचे नाव लाभलेल्या खोल समुद्रातील तेलक्षेत्रातून जून २०२४ मध्ये उत्पादन सुरू झाले. जवळच मासेमारीवर जगणाऱ्या गावांना त्याची चिंता वाटणे स्वाभाविक आहे.

प्रयत्नही झाले आहेत. २००९ ते २०१२ या काळात सालूम आणि दक्षिणेकडील कॅझामान्स या भागांत मिळून गावकऱ्यांच्या हातांनी खारफुटीची सात कोटींहून अधिक रोपे लावली गेली. रोप लावणे सोपे, जगवणे कठीण. पाण्याचा खारेपणा आणि जागा चुकली तर ते टिकत नाही.

पाहुण्याने काय पाळावे?

नोव्हेंबर ते मे हा कोरडा काळ प्रवासास बरा. वाटाड्या गावातलाच घ्यावा, म्हणजे पैसा गावात राहतो. टेकड्यांवरील शिंपला खिशात घालू नये. तो कुणाच्या तरी पूर्वजांच्या दफनभूमीचा भाग असू शकतो. छायाचित्र काढण्याआधी विचारावे आणि बोलण्याआधी नमस्कार करावा. सेनेगलभर चालणाऱ्या वोलोफ भाषेत ‘नांगा देफ’ म्हणजे ‘कसे आहात?’ त्यावरचे रूढ उत्तर आहे, ‘मांगी फी रेक’, म्हणजे ‘इथेच आहे बरं.’ समुद्र दरवर्षी थोडा जवळ येत असता, इथेच राहता येणे हीच या बेटांची खरी काळजी आहे.