हजारो ‘फ्रेंड्स’, पण अडचणीला कोण? ऑनलाइन ओळख, खरी मैत्री आणि श्रद्धेचा मेळ कसा घालायचा?

एकादशीची सकाळ. मोबाइल हातात घेताच विठुरायाचे फोटो, ‘राम कृष्ण हरी’चे मेसेज आणि हात जोडलेले इमोजी. त्यातच कुणीतरी लिहिते, ‘बाबांना रात्री अॅडमिट केलंय.’ खाली लगेच ‘काळजी घ्या’, ‘लवकर बरे होवोत’ अशी रांग लागते. पण दवाखान्यात डबा घेऊन कोण जाते? ऑनलाइन ओळख आणि खरी मैत्री यांतला फरक इथेच कळतो.

जवळची माणसे किती?

फेसबुकवर एका व्यक्तीला ५,००० फ्रेंड्स ठेवता येतात. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या १९९०च्या दशकातील मांडणीनुसार मात्र माणूस साधारण १५० जणांशीच नाते टिकवू शकतो. त्यातही अगदी जिवाभावाचे पाचच्या आसपास. या आकड्यांवर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण रात्री-अपरात्री हक्काने फोन करावा अशी नावे मोजकीच असतात, हा बहुतेकांचा अनुभव आहे.

मैत्रीला वेळ किती लागतो?

अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे प्राध्यापक जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये याचा अभ्यास मांडला. नुसती ओळख साध्या मैत्रीपर्यंत जायला सुमारे ५० तास, चांगली मैत्री व्हायला ९० तास आणि घट्ट मैत्रीला २०० हून अधिक तास सोबत घालवावे लागतात, असे त्यात दिसले. लाइक द्यायला एक सेकंद पुरतो. विश्वास बसायला एवढा वेळ द्यावा लागतो.

वारीत काय घडते?

आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे २५० किलोमीटर. दिंडीतली माणसे अठरा-वीस दिवस एकत्र चालतात, जेवतात, मुक्काम करतात. दिवसाचे बारा तास धरले, तरी अठरा दिवसांत २१६ तास होतात. अनोळखी माणूसही ‘माउली’ होतो आणि पायाला फोड आला की शेजारचाच मलम काढून देतो. श्रद्धा आणि सोबत इथे वेगळी काढता येत नाही.

२०२० मध्ये कोरोनामुळे पायी वारी झाली नाही. पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि भाविकांनी घरूनच हात जोडले. त्या काळात स्क्रीनवरच्या दर्शनाने मोठा आधार दिला. तरीही २०२२ मध्ये पायी वारी पुन्हा सुरू होताच वारकरी लाखोंनी रस्त्यावर उतरले. सोबत चालण्याची ओढ स्क्रीनने भागली नव्हती.

मग सोशल मीडिया सोडायचा का?

तशी गरज नाही. परदेशातल्या नातवाला आजीचा चेहरा दिसतो, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना घरबसल्या आरती मिळते, शाळेतला हरवलेला मित्र सापडतो, तेही याच मोबाइलमुळे. अडचण होते ती मेसेज पाठवला म्हणजे विचारपूस झाली आणि फोटो फॉरवर्ड केला म्हणजे भक्ती झाली, असे वाटू लागल्यावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सहापैकी एक व्यक्ती एकाकीपणा अनुभवते. ग्रुप भरलेले असूनही माणूस एकटा पडू शकतो.

एवढे करून पाहा

• आजारपणाचा मेसेज आला, तर इमोजीवर न थांबता फोन करा. ‘काही लागलं तर सांगा’ यापेक्षा ‘संध्याकाळी डबा आणतो’ हे उपयोगी पडते.

• जवळच्या पाच जणांची नावे लिहा. त्यांना शेवटचे कधी भेटलात, तेही लिहा. ज्याला भेटून सर्वांत जास्त दिवस झाले, त्याच्यापासून सुरुवात करा.

• धर्माबद्दलचा फॉरवर्ड पाठवण्याआधी विचार करा : वेगळ्या श्रद्धेच्या मित्रासमोर बसून हेच वाक्य बोलाल का? नसेल, तर पाठवू नका.

• धर्मावरून ग्रुपमध्ये वाद पेटला, तर तिथे उत्तर देण्यापेक्षा चहाला भेटा. समोरासमोर आवाज बहुधा खाली येतो.

• आरती, नमाज किंवा प्रार्थनेच्या वेळी मोबाइल खिशात राहू द्या. फोटो नंतरही काढता येतो.

पुढच्या एकादशीलाही शुभेच्छांचे मेसेज येतील, आणि ते यावेतही. पण त्या गर्दीत कुणाच्या बाबांची बातमी दिसली, तर एवढेच लिहा : ‘कोणत्या दवाखान्यात? निघालोच.’ आणि खरोखर निघा.