शेपटीवरून ड्रोनची परीक्षा

बीजिंगच्या उत्तरेला चीनचं मोठं विमान संग्रहालय आहे. तिथल्या एका चार इंजिनांच्या जुन्या बॉम्बरच्या पंखांखाली वैमानिकाची जागाच नसलेली छोटी जेट विमानं टांगलेली आहेत. बॉम्बर सोव्हिएत बनावटीचा, तू-४. त्याची कथा गमतीदार आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची काही बी-२९ विमानं सोव्हिएत भूमीवर उतरली. स्टालिननं ती परत तर केली नाहीतच, उलट विमानरचनाकार तुपोलेव्हकडून त्यांचा खिळा न् खिळा मोजून तशीच विमानं बनवून घेतली. त्यांतली काही पुढे चीनला मिळाली. आणि पंखाखालचं ते छोटं विमान, डब्ल्यूझेड-५? तेही अमेरिकेच्या फायरबी ड्रोनवरून उतरवलेलं. नकलेच्या पोटाशी नक्कल.

अमेरिका १९६४ पासून चीनच्या दक्षिण भागावर टेहळणीसाठी फायरबी सोडत होती. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला चीननं त्यातलं एक पाडलं, पुढेही पाडत राहिला. सांगाडे बीजिंगमध्ये लोकांना दाखवायला मांडले, आणि अभ्यासासाठी विमानविद्येच्या संस्थेकडेही सोपवले. तिथल्या अभियंत्यांनी केवळ बाहेरचं कवच नव्हे, आतलं जेट इंजिनही पुन्हा घडवलं. तरी डब्ल्यूझेड-५ सैन्यात रुजू व्हायला ऐंशीचं दशक उजाडलं. हातात मूळ वस्तू असूनही दीड दशक! नक्कल म्हणजे छापखान्यातली दुसरी प्रत नव्हे, हे यावरून कळावं.

पण जगानं या इतिहासातून एकच धडा घेतला: चिनी ड्रोन दिसला की ‘अमेरिकेची कॉपी’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. ओळख पटवण्याच्या कामात हा शेरा सर्वांत निरुपयोगी.

चीनच्या अंतराळ उद्योगातून आलेला सीएच-४ घ्या. ‘सीएच’ म्हणजे चायहोंग, इंद्रधनुष्य. पहिल्या नजरेत तो हुबेहूब अमेरिकेचा एमक्यू-९ रीपर. तसंच फुगीर डोकं, तसेच लांबलचक पंख, मागे पंखा, व्ही आकाराची शेपटी. फरक शेपटीखाली आहे. रीपरला तिथं खाली लोंबणारा तिसरा उभा पंख असतो, सीएच-४ ला तो नाही. रीपरच्याही आधीच्या अमेरिकी प्रीडेटरची शेपटी उलट्या व्ही सारखी, जमिनीकडे झुकलेली. प्रीडेटरशी ज्याची सतत तुलना होते, त्या चिनी विंग लूंगची शेपटी मात्र आकाशाकडे उघडलेली. शितावरून भाताची परीक्षा करतात, तशी जाणकार मंडळी शेपटीवरून ड्रोनची करतात.

हे साम्य आलं कुठून? थोडं चोरून, थोडं पाहून, आणि बरंचसं कामाच्या गरजेतून. दिवसभर हवेत राहायचं तर पंख लांब आणि सडपातळच हवेत. उपग्रहाशी बोलणारी अँटेना डोक्यात बसवायची तर डोकं फुगणारच. कॅमेऱ्यासमोर काही फिरू नये म्हणून पंखा मागे जातो. समुद्र एकच असला की होड्यांचे आकारही जुळतात, त्यातलाच हा प्रकार.

खरी तफावत पोटात आहे. रीपरमध्ये टर्बोप्रॉप इंजिन. तो सुमारे १५ हजार मीटर उंची गाठतो. सीएच-४ पिस्टन इंजिनावर चालतो आणि साधारण निम्म्या उंचीवर थांबतो. बराच काळ चीनचं दुखणं हे इंजिनच होतं. २०१७ च्या फेब्रुवारीत उडालेल्या विंग लूंग-२ मध्ये टर्बोप्रॉप आलं, पंखविस्तार साडेवीस मीटरवर गेला आणि ही दरी बरीच बुजली. त्याची शस्त्रं वाहण्याची जाहीर क्षमता ४८० किलो. क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाच्या प्रसारावर लगाम घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत कडक नियम लागू होतात ५०० किलोपासून. चीन त्या व्यवस्थेचा सदस्य नाही. तरीही हा आकडा योगायोगानं आला असेल, असं मानणं जड जातं.

अमेरिका या नियमांचं बोट धरून मित्रदेशांनाही सशस्त्र ड्रोन द्यायला कां-कूं करत राहिली, आणि चिनी विक्रेत्यांना बाजार मोकळा मिळाला. इराक, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, इजिप्त, पाकिस्तान अशी गिऱ्हाइकं जमली. सगळीच खूश राहिली नाहीत. जॉर्डननं आपले सीएच-४ २०१९ मध्ये विकायला काढले. त्याच वर्षी अमेरिकी महानिरीक्षकांच्या अहवालात आलं की इराकच्या दहाहून अधिक सीएच-४ पैकी पूर्णपणे कामाचा एकच उरला होता. स्वस्त घोड्याचा खरारा महाग पडला.

निर्यात वाढली तसं ओळख पटवण्याचं काम ढिगाऱ्यापर्यंत पोचलं. ४ जानेवारी २०२० ला लिबियाच्या त्रिपोली शहरातल्या लष्करी अकादमीवर हल्ला झाला. कवायतीसाठी जमलेले २६ निःशस्त्र छात्र मारले गेले. बीबीसीच्या शोधपत्रकारांनी जमिनीवर सापडलेले तुकडे तपासले; ते चिनी ‘ब्लू ॲरो ७’ क्षेपणास्त्राशी जुळले. त्या काळात लिबियात ते डागू शकणारा ड्रोन एकच होता, विंग लूंग-२, आणि तो उडत होता अल खादिम तळावरून. हा तळ अमिरातीच्या हाती होता, असा त्यांचा निष्कर्ष. क्षेपणास्त्राच्या तुकड्यावरून ड्रोन, ड्रोनवरून तळ आणि तळावरून देश असा तो माग निघाला.

नावांचा घोळ वेगळाच. बाजारात जो विंग लूंग, तोच चिनी हवाई दलात जीजे-१, त्याचा मोठा भाऊ जीजे-२. ‘जीजे’ हल्ला करणारे, ‘डब्ल्यूझेड’ टेहळणीचे. एवढं लक्षात ठेवलं तर बातम्यांमधला निम्मा गोंधळ मिटतो.

टेहळणीवाल्यांत सर्वांत सहज ओळखू येणारा डब्ल्यूझेड-७. त्याच्या पुढच्या पंखांना मागचे पंख येऊन मिळतात; वरून पाहिलं तर चौकट दिसते. असा आकार दुसऱ्या कुठल्याही सेवेतल्या लष्करी ड्रोनला नाही. त्यामुळे डोकलामच्या तणावाच्या काळात, २०१७ मध्ये, तिबेटमधल्या शिगात्से विमानतळाच्या उपग्रह छायाचित्रांत हे ड्रोन उभे दिसले तेव्हा वाद घालायला जागाच उरली नाही. सिक्कीमच्या उत्तरेला ते येऊन बसले आहेत, हे भारताला त्या चौकटीनंच सांगितलं. आणि या विमानाला ‘कॉपी’ म्हणायचं तर मूळ प्रत कुठली दाखवणार?

डब्ल्यूझेड-८ तर त्याहून विचित्र. १ ऑक्टोबर २०१९ च्या बीजिंगमधल्या संचलनात तो ट्रकवरून गेला, तेव्हा जाणकारांनी प्रथम एक उणीव टिपली: हवा आत घ्यायचं तोंडच नाही. म्हणजे जेट नव्हे, रॉकेट. पाठीवर अडकवण्याची सोय होती. म्हणजे मोठ्या बॉम्बरखालून सोडायचा. जे नव्हतं, त्यानंच अर्धी माहिती दिली. त्याच संचलनात जीजे-११ होता, शेपटी नसलेलं वटवाघळी विमान. २०१३ मध्ये त्याचा नमुना पहिल्यांदा उडाला तेव्हा इंजिनाचं मागचं गोल तोंड उघडं होतं. रडारपासून लपायचं असेल तर ही मोठीच चूक. सहा वर्षांनी तो भाग विमानाच्या अंगात दडवलेला दिसला. मधल्या काळात काय शिकून झालं, ते दोन छायाचित्रं शेजारी ठेवली की कळतं.

ही शेजारी ठेवण्याची सवय जपानइतकी कुणी जोपासलेली नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये पूर्व चीन समुद्रावर बीझेडके-००५ दिसल्यापासून जपानी लढाऊ विमानं अशा ड्रोनच्या जवळ जाऊन फोटो काढतात, आणि संरक्षण मंत्रालय ते नकाशासह प्रसिद्ध करतं. बीझेडके-००५ ला शेपटीचे दोन दांडे आणि त्यांच्यामध्ये ढकलणारा एकच पंखा. २०२१ पासून दिसू लागलेल्या टीबी-००१ लाही दोन दांडे, पण इंजिनं पंखांवर, पुढे तोंड करून. लांबून एकसारखे वाटणारे हे दोघे फोटोत क्षणात वेगळे होतात. जानेवारी २०२३ मध्ये ओकिनावा आणि मियाको बेटांमधून डब्ल्यूझेड-७ गेला, त्याचीही नोंद अशीच झाली. प्रत्येक वेळी मात्र फोटो हाती लागत नाही. मग जपानी पत्रकात प्रकाराचं नाव नसतं. मार्ग काढलेला नकाशा असतो, आणि त्यावर एवढंच: ‘चिनी असल्याचा अंदाज, मानवरहित विमान’.