हिस्लॉपसाहेबांची शाळा

नागपुरांतील हिस्लॉप कॉलेजचें नांव आमच्या वाचकांस ठाऊक आहेच; परंतु त्याच्या मुळाशीं असलेल्या शाळेची हकीगत घरांत क्वचितच निघते. स्कॉटिश पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनीं ती १८४६ सालीं काढली. तेव्हां नागपुरांत भोसल्यांची गादी होती. संस्थान खालसा झालें तें १८५४ मध्यें.

शाळेंत इंग्रजी विद्येबरोबर बायबलही शिकवीत. मुलगा विद्येसाठीं जाईल आणि धर्म गमावून येईल, ही धास्ती घरोघर होती. तरीही मुलें जात राहिलीं. दिवसा मिशनच्या बाकांवर, संध्याकाळीं आजीच्या देवघरापुढें.

स्वतः हिस्लॉप केवळ धर्मोपदेशक नव्हते. नागपूरच्या आसपास हिंडून ते अश्मीभूत वनस्पति व शिंपले जमवीत; गोंडांची भाषा व चालीरीति टिपून ठेवीत. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळें पाहून व बोरीची शाळा तपासून परततांना, पूर आलेल्या ओढ्यांत ते बुडाले. त्यांची टिपणें सर रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं प्रसिद्ध केलीं. शाळेंतून वाढलेलें कॉलेज १८८३ मध्यें त्यांच्या नांवानें सुरू झालें.

धर्म न सोडतां ज्यांनीं तेथील विद्या घेतली, त्यांस तारिलें तें घरानें. दिवसाच्या शाळेचा अर्धा अभ्यास घरींच व्हावयाचा असतो. आजही मुलांसाठीं शाळा निवडतांना आम्ही फी आणि निकाल बारकाईनें पाहतों. संध्याकाळीं परतणाऱ्या मुलासाठीं घरांत काय ठेविलें आहे, हें पाहणेंही तितकेंच अगत्याचें आहे.