किशोरवयीनांवरील हिंसा आणि रुग्णालयाचे कर्तव्य

हिंसा सोसलेली किशोरवयीन मुले रुग्णालयात येतात ती बहुधा दुसऱ्याच तक्रारी घेऊन. पोटदुखी, निद्रानाश, वरचेवर येणारी घेरी, ‘जिन्यावरून पडल्यामुळे’ मोडलेला हात, क्वचित विषप्राशन. मूळ अनुभव या तक्रारींच्या आड दडलेला असतो. बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत, वडीलधाऱ्यांच्या आणि कित्येकदा प्रत्यक्ष हिंसा करणाराच्या देखत प्रश्न विचारला, तर उत्तर काय मिळणार हे सांगावयास नको. तेव्हा एकांतातील विचारपूस हा केवळ सौजन्याचा प्रश्न नसून निदानाच्या पद्धतीचाच भाग होय.

लैंगिक अत्याचारास बळी पडलेल्या मुलांसंबंधी जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत या पहिल्या भेटीस विशेष महत्त्व दिले आहे. ऐकून घेणे, काळजी व गरजा विचारणे, दोष न देता विश्वास दाखविणे आणि पुढील सुरक्षिततेची तजवीज करणे, एवढे तीत साधावे अशी अपेक्षा आहे. सर्व हकीकत तपशीलवार वदवून घेतली म्हणजे मन मोकळे होते, ही रूढ समजूत मात्र तेथे मान्य झालेली नाही. काही उपचारांना अर्थातच विलंब खपत नाही, एच.आय.व्ही. प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात.

मुंबईत बांद्र्याच्या भाभा रुग्णालयात या शतकाच्या आरंभी ‘दिलासा’ हे केंद्र सुरू झाले. ते प्रामुख्याने कौटुंबिक हिंसेने पीडित स्त्रियांसाठी असले, तरी त्यामागील विचार येथेही लागू पडतो. समुपदेशन रुग्णालयाच्या आतच असल्यामुळे तेथे जाण्याने घरच्यांच्या मनात संशय उत्पन्न होत नाही.

खरी अडचण कायद्यापाशी येते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या अधिनियमाने अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानले आहे. पोलिसांत गुन्हा नोंदला गेलेला नसतानाही वैद्यकीय तपासणी करता येते, मुलीची तपासणी स्त्री-वैद्याकडूनच व्हावी लागते, आणि मुलाच्या विश्वासातील व्यक्ती जवळ असावी लागते; या तरतुदी निःसंशय हितकर आहेत. परंतु कलम १९ अन्वये अपराधाची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक असून ती न देणे दंडनीय आहे. स्वेच्छेने संबंध ठेवलेली सतरा वर्षांची मुलगी गर्भवती झाली, तर तिच्या मित्रावर खटला होईल या भीतीने ती रुग्णालयाकडे फिरकत नाही व भोंदू उपचारांच्या हाती सापडते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये या पेचातून अंशतः वाट काढली: अशा गर्भपाताच्या प्रसंगी, मुलीने व तिच्या पालकाने विनंती केल्यास, वैद्याने पोलिसांना दिलेल्या माहितीत तिचे नाव व ओळख देण्याची आवश्यकता नाही.

ही सवलत गर्भपातापुरतीच आहे, हे विसरता येत नाही. इतर प्रसंगी वैद्य बांधलेलाच राहतो. अशा वेळी ‘तू सांगशील ते आपल्या दोघांतच राहील’ असे आश्वासन देणारा चिकित्सक, हेतू कितीही चांगला असो, मुलाची फसवणूकच करतो. कोणती गोष्ट गुप्त राहील आणि कोणती कळवावीच लागेल, हे प्रश्न विचारण्यापूर्वी सांगितले पाहिजे. मग बोलावे की न बोलावे हे त्या मुलाने ठरवावे. ते गप्प राहिले, अथवा तपासणीस त्याने नकार दिला, तरी औषधोपचार अडवून धरता येत नाहीत.